इंग्लंडहून पाखरं बघायचं वेड घेऊन आले, जुळे सोलापुरात नुसती कबुतरंच येतायत. काय करू?

गच्चीवरची_आजी

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. बँकेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, जुळे सोलापुरात राहतो, वर गच्ची, पुढं एक कढीपत्ता, एक शेवगा आणि कंपाउंडला जास्वंद, एवढाच आमचा बगीचा.

लेक-जावई इंग्लंडला ल्युडलो नावाच्या गावात असतात. गाव एवढंसं की आपलं अक्कलकोट त्यापुढं मोठं शहर वाटावं. एक पडका किल्ला, खाली टीम नावाची नदी, किल्ल्यापुढच्या चौकात बाजार भरतो, आणि संध्याकाळी दुकानं बंद झाली की रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो नि मार्चअखेर आलो, सहाच महिन्यांचा व्हिसा असतो. डिसेंबरात तिथं चार वाजता अंधार. पोरं कामाला गेली की घरात आम्ही दोघंच, हे पेपर वाचत बसायचे (आपलाच पेपर, मोबाईलवर), आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत उभी.

तर शेजारी एक ऐंशीच्या पुढच्या बाई, एकट्याच राहतात, त्यांच्या परसात खांबाला चार-पाच फीडर टांगलेले. एक दिवस कुंपणावरून हाक मारली आणि आत बोलावलं. त्यांनी पाखरांच्या खाण्याचे डबे उघडून दाखवले तर मी हसायलाच लागले. एकात शेंगदाणे, एकात सोललेलं सूर्यफूल आणि एकात काय, तर कारळे! आपले कारळे हो, चटणीचे. ते म्हणे गोल्डफिंच नावाच्या पाखराला फार आवडतात, त्याची चोच बारीक, म्हणून बारीक भोकाची वेगळी नळी मिळते. मी घरी आले आणि सोलापुरातून नेलेली शेंगाची चटणी नि कारळाची चटणी दोन्ही वाटीत घालून त्यांना नेऊन दिली. बाईंनी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाल्या, म्हणजे तुम्ही माझ्या पाखरांचं जेवण तिखट लावून खाता तर!

तिथून आमची गट्टी जमली. रोज दुपारी अर्धा तास त्यांच्या खिडकीत. रॉबिन, ब्लू टिट, ब्लॅकबर्ड, सगळ्यांची ओळख करून दिली. त्यांनी गावाबाहेर भाजी लावायला जमिनीचा एक तुकडा भाड्यानं घेतलाय, अलॉटमेंट म्हणतात त्याला. तिथं त्या फावड्यानं माती उकरायला लागल्या की रॉबिन हातभर अंतरावर येऊन बसायचा, वर आलेलं गांडूळ उचलायला. नांगरामागं साळुंक्या चालतात ना, तसंच, फक्त हा एकटाच. दुसरा रॉबिन आला की मारामारी. एवढंसं पाखरू पण काय तो तोरा!

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिकडं सगळा देश आपापल्या बागेतली पाखरं मोजतो. आरएसपीबी म्हणून पक्ष्यांची जुनी संस्था आहे, 1889 सालची, ती 1979 पासून हे भरवते. एक तास बसायचं आणि प्रत्येक जातीची एका वेळी जास्तीत जास्त किती दिसली तेवढाच आकडा लिहायचा. रॉबिन दहा वेळा आला तरी एकच, कारण तो तोच असणार. मी नि बाई मिळून बसलो, मांडीवर सोलापुरी चादर, हातात चहा, आणि बाई मला बोलूसुद्धा देईनात. तास कधी संपला कळलं नाही. बँकेत क्लोजिंगच्या दिवशीसुद्धा आकडे एवढ्या मन लावून मी कधी मांडले नसतील.

आता मुद्दा. परत आल्यावर मी उत्साहानं तसाच फीडर इथं गच्चीवर टांगला, तिकडूनच आणलेला. खाली ताटात ज्वारी आणि तांदूळ. तिसऱ्या दिवशी तीस-पस्तीस कबुतरं. गच्ची घाण, कपडे वाळत घालायची सोय नाही, खालच्या भाडेकरूंची कुरकुर, आणि फीडरकडं एक चिमणी फिरकत नाही. हे म्हणतात, तुझं इंग्लंड तिकडंच ठेव.

तर जाणकारांनी सांगा, सोलापुरात घराच्या घरी पाखरं बघायची तर काय करायचं? शेंगदाणे, कारळे चालतील का? आणि आणखी एक, भर दुपारी कुठून तरी टुक, टुक, टुक असा एकसारखा आवाज येतो, ह्यांचं म्हणणं शेजाऱ्यांची मोटार बिघडलीय. मला तसं वाटत नाही.

माळरान

काकू, आधी टुक टुकचं सांगतो. मोटार नाही, तांबट आहे. तांब्याची भांडी घडवताना ठोके पडतात तसा आवाज म्हणून तांबट. हिरवागार, मुठीएवढा, कपाळ लाल. वडा-पिंपळाच्या शेंड्यावर बसतो म्हणून दिसत नाही, पानात पान होऊन जातो. जवळपास वड, पिंपळ किंवा उंबर असणार, दुर्बीण घेऊन सकाळी सातच्या आत बघा, सापडेल. काकांना माझा नमस्कार सांगा.

आता फीडरचं. तुमचं काही चुकलं नाही, ऋतू चुकलाय. तिकडं जानेवारीत जमीन कडक झालेली, किडा-मुंगी नाही, दिवस जेमतेम आठ तासांचा, आणि तो ब्लू टिट भरला तर दहा-अकरा ग्रॅम. रात्रभर ऊब धरायची तर दिवसभर खातच राहावं लागतं त्याला. म्हणून तिथं खाणं टांगलं की झुंबड उडते. आपल्याकडं एप्रिलमध्ये बरोब्बर उलटं आहे. खायला आहे हो, शिवारात ज्वारीची काढणी होऊन दाणे सांडलेत, किडे आहेत, फळं आहेत. नाही ते पाणी. बेचाळीस डिग्रीला पाखराला दाण्यानं नाही तर पाण्यानं बोलावायचं असतं. तुमच्या त्या बाईंची खिडकी भुकेवर चालते, तुमची गच्ची तहानेवर चालवा.

करायचं असं. ते ताट, ती ज्वारी, तांदूळ उद्यापासून बंद म्हणजे बंद. आठ-दहा दिवस कबुतरं येऊन बसतील, तुमच्याकडं बघतील, मन घट्ट करा. कबुतर मूळचं कड्याकपारीतलं, आपल्या इमारतीची वळचण त्याला कपारच वाटते, वर तुम्ही जेवण पण देताय, मग ते कशाला जातंय. पाण्यासाठी कुंडीखालची मातीची पसरट ताटली घ्या, खोल नको, दोन बोटं पाणी पुरे, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा म्हणजे बारकं पाखरू त्यावर उतरून पितं. स्टील नको, प्लास्टिक नको, तापतं. सावलीत ठेवा आणि जवळ एखादी फांदी असू द्या, कारण पाखरू सरळ पाण्यावर येत नाही, आधी फांदीवर बसून चारी बाजूला बघतं मगच उतरतं. मांजर दबा धरेल अशी अडचण मात्र जवळ नको. पाणी रोज बदला, ताटली काथ्यानं घासून. नाहीतर डास.

आणि कढीपत्ता छाटू नका! त्याची काळी पिकली फळं बुलबुल आणि कोकिळा दोघांचा जीव. शेवग्याला फुलं असतात तेव्हा शिंजीर येतोच, काळा-निळा, उन्हात चकाकणारा, अंगठ्याएवढा. तुमच्याकडं आत्ताच येत असेल, तुम्ही फीडरकडं बघताय म्हणून दिसला नसेल.

बाळ्या_शेळगीकर

ओ काकू लै भारी लिहिलाव, चटणीचं वाचून आमची आई हसून हसून लाल झाली.

पण मालक (माळरानला म्हणतोय), पाणी ठेवा म्हणताय ते ठीक आहे, आमच्याकडं नळाला पाणी पाच दिवसानं येतंय, ते पण रात्री दोनला, माणसाला पुरंना तर पाखराला कुठनं घालायचं? आमची आजी तर म्हणायलीय की चिमणीला काय, ती आपल्या टाकीच्या ओव्हरफ्लोवर पिऊन जाईल, पण टाकी भरली तर ओव्हरफ्लो होईल ना!

कबुतराबद्दल मात्र माझं पण अनुमोदन. आमच्या वर एक जण रोज पोतं ओततोय, पुण्य लागतंय म्हणे. पुण्य त्याला नि घाण आम्हाला. डॉक्टरनी आमच्या काकाला सांगितलं की कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊन फुप्फुसाला त्रास होतो, तेव्हापासून आमच्या खिडक्या बंद. मुंबईत 2025 ला कबुतरखान्यावरून केवढा राडा झाला बघितलाच असाल.

माळरान

बाळ्या, अर्धा लिटर लागतं रे दिवसाला. आदल्या दिवशीचं कुंडीत ओत, ताजं ताटलीत घाल, वाया काहीच जात नाही. बेसिनपाशी नळ सोडून दाढी करत असशील तेवढ्यात अख्ख्या गल्लीच्या चिमण्या पिऊन होतील.

बाळ्या_शेळगीकर

नळ सोडून?? पाच दिवसानं येतंय सांगितलं की ओ 😂 तांब्या घेऊन दाढी करतोय आम्ही

रेडिंगची_सून

आजी, वाचून इतकं बरं वाटलं! मी मूळची भवानी पेठेतली, आता रेडिंगला. तुमच्या ल्युडलोपेक्षा हे बरंच मोठं गाव, पण पाखरांचं वेड तेच. ऑफिसात कुणी क्रिकेटवर बोलत नाही एवढं पाखरांवर बोलतात, आणि हवामानावर अर्थातच.

एक गंमत सांगते. पहिल्या वर्षी मला इथं फार एकटं वाटायचं, आणि एक दिवस सकाळी खिडकीबाहेर पोपटांचा थवा किंचाळत गेला. मला वाटलं मला भास व्हायला लागले. पण खरंच आपले राघू, गळ्याला लाल-गुलाबी पट्टा असलेले, हुबेहूब तेच! पिंजऱ्यातले सुटून इथं वाढले म्हणे, लंडनच्या आसपास चिक्कार झालेत. फीडरवर आले की बाकीच्यांना उभं करत नाहीत, इथल्या लोकांना त्यांचा राग येतो, मला मात्र माहेरचं माणूस आल्यासारखं होतं. आणि सोलापुरात तारेवर बसून घुमतो तो मानेवर काळी रेघ असलेला होला, तोसुद्धा इथं आहे. तो मात्र स्वतःच्या पंखांनी आला, तुर्कस्तान-बाल्कनकडून सरकत सरकत, आणि 1955 मध्ये इंग्लंडात पहिल्यांदा घरटं केलं नॉरफोकला. आता बागेबागेत आहे. व्हिसा नाही काही नाही.

घारीसुद्धा. आमच्या डोक्यावर दिवसभर घिरट्या घालतात. आपली काळी घार नाही, ही तांबूस, शेपटी चांगली खोल दुभंगलेली. इंग्लंडमधून पार संपल्या होत्या, 1989 पासून चिल्टर्नच्या टेकड्यांत बाहेरून आणून सोडल्या, आता आमच्या शेजारचे आजोबा हिरवळीवर कोंबडीचे तुकडे टाकतात त्यांना. टाकू नका म्हणून सांगितलं तरी टाकतात.

तुम्हाला एकच सांगायचंय, फीडर ठेवलाच तर धुवा. इथं 2005 च्या आसपास ग्रीनफिंच नावाच्या पाखरात घशाचा एक आजार पसरला, गिळताच येत नाही, पाखरू फुगून बसतं आणि मरतं. मुळात तो कबुतर-होल्यांचा आजार, उष्टे दाणे आणि घाण पाण्याच्या भांड्यांतून दुसऱ्यांना लागला. एवढं साधं बागेतलं पाखरू, पण 2021 ला ते धोक्याच्या लाल यादीत गेलं. प्रेमानं खायला घालूनच झालं हो ते, म्हणून सांगते.

खारीचं काय केलं तुमच्या बाईंनी? इथं राखाडी खारी अमेरिकेतून आणलेल्या, फीडरचं वाटोळं करतात. आमच्याकडं काही जण दाण्यांना तिखट लावून ठेवतात. पाखरांना तिखट लागतच नाही आणि खारीचं तोंड भाजतं.

गच्चीवरची_आजी

अगं बाई, खरंच? म्हणजे आमची शेंगाची चटणीच त्या फीडरमध्ये भरायची! राघू मिरच्या कशा कराकरा खातात ह्याचं मला लहानपणापासून नवल वाटायचं, आज कळलं.

खारीसाठी बाईंनी खांबाला मध्ये पत्र्याचं उलटं नरसाळं लावलं होतं. खार तिथपर्यंत चढायची, डोकं आपटायची आणि खाली. मग दुसऱ्या दिवशी शेडच्या छपरावरून उडी मारून वरून आली. बाई म्हणाल्या, तिला दिवसभर दुसरं काम नाही, मला आहे.

माळरान, ज्वारी आजपासून बंद केली. ताटली सापडली, गुलाबाच्या कुंडीखालची. पण चिमण्यांना काहीच घालायचं नाही का हो? मन मानत नाही.

मास्तर_बार्शी

चर्चा छान चाललीय पण थोडा कडू बोलतो. पाखरांना खाऊ घालणं आणि पाखरं बघणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडं दाणे टाकले की पक्षीप्रेम झालं असं समजतात, समोरचं बोरीचं झाड मात्र पार्किंगसाठी तोडतात. इंग्रजांचंही फार कौतुक नको. त्यांच्या त्या मोजणीत पहिला नंबर बहुतेक चिमणीचाच येतो, पण 1979 ला बागेत सरासरी जेवढ्या दिसायच्या त्याच्या निम्म्यासुद्धा आता दिसत नाहीत. एवढे फीडर टांगूनही. पण ते आकडे लिहून ठेवतात म्हणून घट कळली, हे मान्य करावं लागेल. आपण नुसतं "पूर्वी किती चिमण्या होत्या" म्हणतो. किती होत्या? कुणाच्या वहीत आहे?

आणि 1979 म्हणाल तर त्याच साली आपलं नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं. तिकडं लोक बागेतली चिमणी मोजायला बसले, इकडं आपण माळावरचा माळढोक वाचवायला. आज नान्नजला काळवीट भरपूर दिसतील, माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

सोलापूरकरांनी तरी पाखरं मोजावीत हो. जंगल-पाखरांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली सोलापुरात जन्मले, 5 नोव्हेंबर 1932, आणि 2025 च्या जूनमध्ये सोलापुरातच गेले. त्यांची जन्मतारीख 5 आणि पक्षितज्ज्ञ सलीम अलींची 12, म्हणून 5 ते 12 नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. आमच्या शाळेत त्या आठवड्यात पोस्टर लावून फोटो काढायचो, बस्स. एकदा मी पोरांना पोस्टर ठेवा बाजूला म्हणालो आणि वर्गाबाहेर नेऊन भोरड्या मोजायला लावल्या. थवा असा उठला, ज्वारीवरून वळून परत बसला, पोरं म्हणाली सर दहा लाख! मग शिकवलं, एका कोपऱ्यात दहा मोजा, तेवढाच तुकडा डोळ्यानं पुढं सरकवत न्या. शेवटी आठशेच्या आसपास आलं. एका पोराचे वडील शेतातनं ओरडले, मास्तर मोजू नका, हाकला!

(माहीत नसलेल्यांसाठी, भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. मध्य आशियाकडून येते, हिवाळाभर आपल्या ज्वारीवर असते. आजींना तिकडं जो स्टारलिंग दिसला असेल, ठिपक्याठिपक्यांचा, त्याची ही चुलतबहीण.)

माळरान

मास्तर बोलले ते बरोबर, पण आजींच्या ताटलीला विरोध नका करू, माणूस चिमणीपासूनच सुरू होतो. मी स्वतः नवी पेठेतल्या वाड्यात तसबिरीमागच्या चिमणीच्या घरट्यावरनं ह्या नादाला लागलो.

काकू, चिमण्यांसाठी कणसं टांगा. ज्वारीची नाहीतर बाजरीची अख्खी कणसं, पाच-सहा एकत्र बांधून पुढच्या पडवीला, भिंतीपासून हातभर लांब, जरा हलतील अशी. कबुतराला हलणाऱ्या कणसावर बसता येत नाही, चिमणी लोंबकळून खाते. आपल्याकडं रास झाली की दारात कणसं बांधायचेच की पूर्वी, नवीन काही नाही. मनोल्या पण येतील, चिमणीहून बारक्या, शेपटी काळी टोकदार. ते कारळे-शेंगदाणे काकांना चटणी करून घाला.

घरटं लावायचं असेल तर लाकडी पेटी, भोक 32 मिलिमीटर, म्हणजे चिमणी आत जाते आणि साळुंकी जाऊ शकत नाही. तिकडं पण चिमणीला हेच माप देतात. मात्र पश्चिमेच्या भिंतीला अजिबात नको आणि पत्र्याची तर नकोच, आपल्याकडं मेमध्ये त्यात अंडी उकडतील, खरंच उकडतील. पोर्चखाली, उत्तरेला किंवा पूर्वेला. आणि लावल्यावर रोज शिडी लावून डोकावू नका.

मोजायचं असेल तर फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसातली पाखरं मोजतात, त्यात 2013 पासून भारत पण आहे. तिथं तासभर नाही, पंधरा मिनिटं बसलात तरी चालतं, यादी ई-बर्ड नावाच्या वेबसाइटवर टाकायची. फेब्रुवारी लांब आहे म्हणून थांबू नका, वही घ्या नि रविवारी बसा.

बाळ्या_शेळगीकर

मास्तर ते भोरड्या मोजायचं लै भारी, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीला पण तसंच मोजत असतील काय 😄

ताटली ठेवलोय. पहिला गिऱ्हाईक कावळा.

गच्चीवरची_आजी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला, मध्ये लग्नसराई.

कबुतरांचं आधी. पहिले आठ दिवस वाईट गेले. रोज सकाळी कठड्यावर ओळ करून बसायची, पगार थकलेल्या कामगारांसारखी. मी खिडकीतून बघायचे आणि मलाच कसंतरी व्हायचं. मग हळूहळू पांगली. आता आठ-दहा असतात, पाणी पितात आणि जातात.

आणि कावळा! आमच्या शाकाहारी घरात त्यानं कुठूनसं कोंबडीचं हाड आणून ताटलीत भिजत घातलं. ह्यांनी बघितलं आणि आंघोळच केली परत. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या भाकरीचा तुकडा आणून भिजवला, थोडा वेळ थांबला, उचलून दाबून बघितला, अजून कडक आहे म्हटल्यावर परत पाण्यात. आमच्याकडं कडक भाकरी दुधात मोडून खातात तसंच की हे. आता दोन ताटल्या केल्यात, एक त्याची, एक बाकीच्यांची. त्याला ते मान्य नाही, पण ठीक आहे.

कणसं बांधली त्याच्या पाचव्या दिवशी दोन चिमण्या. आता सकाळी सहा-सात असतात. शिंजीर होताच हो! शेवग्याला फुलं आता थोडीच आहेत, पण जास्वंदीवर येतो, फुलाच्या पुढून चोच पोचत नाही म्हणून बुडाशी भोक पाडतो आणि तिथून मध ओढतो. चोर मेला. ल्युडलोच्या बाईंना मी त्याचा फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं की हा रंग खरा आहे की तू फोनमध्ये केलास.

तांबट पण दिसला. हे स्वतः दुर्बीण घेऊन पहाटे कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली गेले, मोटार नाही हे सिद्ध झालेलं त्यांना बघवत नव्हतं बहुतेक. अर्ध्या तासानं फोन केला, अगं दिसला, मिशा आहेत त्याला! आता दुर्बीण त्यांच्याकडंच असते.

तर काल रविवारी आम्ही दोघं बसलो, सव्वासहा ते सव्वासात, वही-पेन घेऊन, इंग्लंडचाच नियम, एका वेळी जास्तीत जास्त. चिमण्या 7, कबुतरं 9, होले 3 (छोटे, तपकिरी), बुलबुल 2, साळुंक्या 4, शिंजीर नर 1, कावळा 1, राघू 5 पण ते नुसते वरून गेले, ते धरायचे का? आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकदम कल्ला झाला, सातभाई आले. आरडाओरडा करत पाण्यात घुसले, एकमेकांवर चढले, ताटली रिकामी. मी तीनदा मोजले. नऊ होते. हे म्हणतात सातभाई म्हणजे सातच लिही, नाव चुकीचं कसं असेल. काय लिहू?

रेडिंगची_सून

नऊ आजी नऊ 😂 आणि राघू नाही धरायचे, इथल्या मोजणीत बागेत उतरलेलंच धरतात, वरून गेलेलं नाही. बाईंनी सांगितलं नाही का?

मास्तर_बार्शी

दिसले तेवढेच लिहावे. सात हे नाव आहे, आकडा नव्हे. वहीवर तारीख, वेळ आणि किती डिग्री होतं तेही टाका, पुढच्या एप्रिलला तुलना करता येईल. राघू खाली वेगळे, "उडत गेले" म्हणून.

माळरान

नऊच. आणि काकू, दोन ताटल्या कमी पडतात आता, सातभाई रोज त्याच वेळेला येतील बघा.

बाळ्या_शेळगीकर

काकाला विचारा, नागपूरच्या पाचपावलीत पाच पावलंच टाकतात काय

गच्चीवरची_आजी

लिहिले नऊ, राघू खाली वेगळे टाकले, तारीख नि डिग्री पण टाकली. वही मिटवली तोवर हे म्हणाले, दहावा टाकीमागं बसला होता, मी बघितलाय, पण तू विचारलं नाहीस.